रानाचा सातबारा कोणी लिहायचा?

(विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कार्यकर्त्यांपुढे उरण, जि. रायगड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



तुम्ही कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखातून रात्रभर प्रवास करून इथे आलात. उरणात कापूस पिकत नाही, ज्वारीही नाही. आमच्याकडे भात, मीठ आणि मासळी. तरी उरणशी तुमचा संबंध आहे. न्हावा-शेवा बंदर आमच्या तालुक्यात आहे. १९८९ साली ते सुरू झाले. तुमच्या कपाशीची रुई गाठी बांधून परदेशी निघाली की पुष्कळदा याच धक्क्यावरून जहाजात चढते.

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. रानातली झाडे, पाखरे, जनावरे गावकऱ्यांनी स्वतः मोजायची, वहीत लिहून ठेवायची आणि त्या वहीच्या जोरावर रान राखायचे, असा हा विषय आहे. कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही आणि पाखरे कसली मोजता, असे कोणी विचारले तर त्याचे चुकले म्हणता येणार नाही. पण आम्ही उरणकर या मोजणीकडे का वळलो, हे ऐकून घ्या. मग तुमच्या कामाचे आहे की नाही ते ठरवा.

आपले नाते जुने आहे

१० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर शेतकरी, कोळी, आगरी, कातकरी जंगल सत्याग्रहासाठी जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नाग्या कातकरी त्यात धारातीर्थी पडला. एक गाव वऱ्हाडातले, एक कोकणातले, भांडण एकच. पिढ्यान्पिढ्या ज्या रानातून आपण गवत आणि लाकूडफाटा आणला, ते रान सरकारने कागदावर रेघ ओढून आपले करून टाकले. रानात काय आहे आणि कोणाचे आहे, हे लिहिणारी लेखणी आपल्या हातात नव्हती.

पुढे १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच तालुक्यात जमिनीच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरला. दि. बा. पाटील पुढारी होते. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा मिळण्याची वाट खुली झाली. त्या लढ्यात आमच्याजवळ निदान सातबारा तरी होता. शेत कोणाचे, किती गुंठे, हे कागदावर होते. पण शेताच्या बांधापलीकडची खाडी, खाजण, तिवरांचे रान, पाखरांच्या पाणथळी यांचा सातबारा कोणाच्या नावावर? त्यात कोणते पीक उभे आहे, हे कोणत्या तलाठ्याने लिहिले? कोणीच नाही. ज्याची नोंद नाही, ते कागदावर ‘मोकळे’. आणि मोकळ्या जागेवर भराव टाकायला कोणाची हरकत असणार?

माप ज्याच्या हाती

मापाची गोष्ट तुम्हाला आम्ही काय सांगावी? पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर दुष्काळ ठरायचा, हे तुम्ही बापजाद्यांपासून पाहत आला आहात. शिवारात पऱ्हाटी वाळून कोळ झाली तरी कागदावर पीक डोलत असते. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत ग्रेडरने बोंड चिमटीत धरून बाजूला टाकले की वर्षाच्या मेहनतीची प्रत ठरायची. आपण पिकवायचे आणि दुसऱ्याने मोजायचे, यात शेतकरी नेहमी नागवला गेला.

रानाचेही हेच आहे. आमच्या उरणात पाणजे नावाची पाणथळ आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पाखरे उतरतात. ठाण्याच्या खाडीत भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो. मग रोहित, चमचे, शेकाटे, तुतवार अशा पाखरांना टेकायला उथळ पाण्याची जागा लागते. ती जागा उरणच्या पाणथळी देतात. आता कायद्याची गंमत बघा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम मिठागरे आणि भातखाचरे यांना पाणथळ मानत नाहीत. पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तळेही मानत नाहीत. उरणची जुनी जमीन म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेली खारजमीन. कुठे भात, कुठे मीठ. मग वर्षानुवर्षे वाद चालतो. एक बाजू म्हणते ही पाणथळ आहे, दुसरी म्हणते हे पावसाचे पाणी साठवायचे तळे आहे. नावावर सगळा खेळ! साहेब गाडीतून उतरतो तो मे महिन्यात. पाणी आटलेले, पाखरे उडून गेलेली. तो विचारतो, इथे पक्षी येतात याला पुरावा काय?

या प्रश्नाला भाषण हे उत्तर होऊ शकत नाही. घोषणाही नाही. उत्तर एकच: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या जागी, कोणते पाखरू, किती, कोणी मोजले. अशा पाच-दहा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या म्हणजे साहेबाला निदान खुर्चीत नीट बसावे लागते.

हौशी माणसांनी मोजले त्यातून काय झाले?

हे काम उरणातच चालते असे नाही. १९८७ पासून आशिया खंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली जुनी संस्था, यात पुढे असते. पण तळ्याकाठी दुर्बीण घेऊन उभे राहणारे बहुतेक लोक मास्तर, बँकेतले कारकून, विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरे. पगार कोणालाच नाही. आता तर खिशातल्या मोबाइलवर ई-बर्डसारख्या ठिकाणी नोंद टाकली की दिवस, वेळ, जागा आपोआप चढते.

या मोजणीचा उपयोग कायद्यात कुठे होतो? रामसर नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात पाणथळीला मोठा दर्जा मिळवण्याच्या कसोट्या आहेत. एक कसोटी अशी: त्या जागी नेहमी वीस हजार किंवा जास्त पाणपक्षी येत असले पाहिजेत. दुसरी अशी: एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पाखरे तिथे असली पाहिजेत. म्हणजे आकडा नसेल तर या दोन्ही कसोट्या पास होणे नाही. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला २०२० च्या जानेवारीत हा दर्जा मिळाला. त्याच वर्षी तुमच्या बुलढाण्याच्या लोणारला मिळाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला मिळाला, तिथे २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य होते. आणि या अभयारण्याला पूरक पाणथळी म्हणून आमच्या पाणजे, भेंडखळ, बेलपाड्याची नावे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सुचवली. पाखरे मोजली गेली म्हणूनच ती नावे कागदावर चढू शकली.

तिवरांचेही असेच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरे तोडायला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात साफ सांगितले की जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिवरांचा नाश बेकायदा आहे. सरकारी जमिनीवरची तिवरे आता कायद्याने जंगल आहेत. निकालाच्या अंमलबजावणीसाठी समितीही आहे. पण समिती काही रोज खाडीत फिरत नाही. भरतीचे पाणी आत यायची वाट बुजवली तर कुऱ्हाड न लावता तिवर वाळते. ते प्रथम कोणाला दिसते? कोळ्याला, खेकडे धरणाऱ्या बाईला, शाळेत जाणाऱ्या पोराला. त्यांनी त्याच जागेचा या महिन्याचा आणि मागच्या वर्षीचा फोटो, तारीख आणि ठिकाण जोडून दिले तर तक्रारीला वजन येते. नुसते ‘झाडे मेली हो’ म्हटले तर अर्ज फायलीत जातो.

आणि हे पाखरांपुरते नाही, पोटाचे आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने बंदराच्या भरावामुळे बुडालेल्या उरण परिसरातल्या १,६३० मच्छिमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. कुटुंबामागे साधारण ५ लाख ८४ हजार पडतात. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण मुद्दा ध्यानात घ्या. खाडी मेली तर नुकसान किती, हे ठरवायला आधी खाडीत काय होते ते ठाऊक पाहिजे. हे न लिहिलेले राहिले तर ज्याचे गेले त्यालाच पुरावा शोधत फिरावे लागते.

तुमच्या शिवाराशी याचा काय संबंध?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना खाडी ना रोहित. मग २०२३ साली निघालेला ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल ऐका. तीस हजारांहून जास्त हौशी लोकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. ९४२ जातींचा त्यात हिशेब आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळातला कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. आणि सगळ्यांत जास्त मार बसला आहे तो घनदाट जंगलातल्या पाखरांना असे समजू नका. माळरान, गवताळ रान, पडीक, कोरडवाहू शिवार अशा उघड्या मुलखातल्या पाखरांची पीछेहाट मोठी आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तो नीलकंठ बारा वर्षांत सुमारे तीस टक्के कमी झाला. तो टोळ खातो, भुंगेरे खातो, तुमच्या तारेवर बसून तुमच्या शेताची राखण फुकट करतो. उलट मोर वाढले आहेत, हेही तोच अहवाल सांगतो. मोराने उकरलेली पेरणी पाहिलेल्या माणसाला हे सांगायला अहवाल नको होता. पण तुमचे म्हणणे आकड्यात उतरले, ही गोष्ट लहान नाही.

शेतकऱ्याची भीती खरी आहे

आता मनातले बोलू. पाखरे मोजली, जनावरे मोजली, आणि उद्या सरकारने त्याच आकड्यांवर बोट ठेवून आमच्या शेतावर अभयारण्याचे आरक्षण टाकले तर? ही भीती पोकळ नाही. सोलापूर-नगरकडचे भाऊ सांगतील. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! ज्वारीची काळी शिवारे, वस्त्या, गावे सगळी त्या रेघेच्या आत. जमिनीच्या खरेदी-विक्रीला, बांधकामाला अडचणी आल्या आणि माळढोकाबद्दल माणसांच्या मनात राग साठला. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. म्हणजे सातातले सहा हिस्से गरज नसताना रेघेच्या आत होते. एवढे करून माळढोक वाचला का? नान्नजच्या माळावर त्याचे दर्शन दुर्मीळ झाले.

आमचा निष्कर्ष ऐका. तिथे नोंदी जास्त झाल्या म्हणून शेतकरी भरडला गेला नाही. बारीक नोंदी नव्हत्या, म्हणून सरकारने कुऱ्हाडीने रेघ ओढली. माळढोक नेमका कोणत्या माळावर नाचतो, कोणत्या गवतात अंडे घालतो, कोणत्या महिन्यात ज्वारीच्या रानात उतरतो, हे गावागावाच्या वहीत असते तर थोडा माळ कडक राखता आला असता आणि बाकी शेतकरी मोकळा राहिला असता. माहिती कमी असली की बंधन मोठे होते. म्हणून शेतकऱ्याने या कामाला भिण्यापेक्षा ते हातात घ्यावे.

रानडुकरांचे आणि रोह्यांचेही तसेच. कोणी म्हणेल, जंगल राखायचे म्हणजे डुकरे पोसायची आणि कपाशी-तूर त्यांच्या तोंडी द्यायची. आम्ही असे म्हणत नाही. आमच्या वहीत जसा नीलकंठ लिहायचा तसे डुकराने लोळवलेले गुंठेही लिहायचे. कोणती रात्र, कोणते पीक, किती क्षेत्र, कळप केवढा. आज नुकसानीच्या पंचनाम्यासाठी आपण एकेकटे खेटे घालतो आणि प्रत्येकाला ‘तुमच्याकडेच कसे काय’ असे ऐकावे लागते. दहा गावांच्या तीन वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर कोणत्या नाल्याकाठी, कोणत्या महिन्यात हा त्रास आहे ते आरशासारखे दिसेल. फक्त गोड तेवढे लिहिणारी वही खोटी. खरी वही दोन्ही बाजू लिहिते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

कायद्याने दिलेली लेखणी

हा अधिकार कोणाकडे भीक मागून मिळवायचा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. व्यापारासाठी गावच्या हद्दीतली वनस्पती वगैरे नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, न पाळल्यास राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला, तेव्हा राज्याराज्यांत धावपळ झाली. आमचा साधा प्रश्न आहे. तुमच्या गावची नोंदवही कोणी लिहिली? तुमच्यापैकी कितीजणांनी ती उघडून पाहिली? मुदतीच्या धाकाने लिहिलेली आणि कपाटात कुलूपबंद झालेली वही म्हणजे पुन्हा तीच पैसेवारी.

दुसरी वाट वनहक्क कायद्याची. २००६ चा हा कायदा ग्रामसभेला आपले जंगल राखण्याचा हक्क देतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या गावाने आधी अनेक वर्षे अभ्यास गट चालवला होता. बाहेरचा माणूस बोलवायचा, ऐकायचे, पण निर्णय गावाने करायचा, अशी तिथली रीत. ज्या गावाला आपले जंगल ठाऊक, त्या गावाला जंगलाचा कारभार पेलतो.

मोजायचे कसे?

शास्त्रज्ञ म्हणतात हौशी माणसाच्या नोंदी कच्च्या असतात. हे काही अंशी खरे आहे. रविवारी फिरायचे, रस्त्याकडेचे पाहायचे, दुर्मीळ पाखरू दिसले तेवढे लिहायचे, साळुंकी-चिमणी सोडून द्यायची, असे केले तर हिशेब लागत नाही. पण याला औषध आहे. पीक कापणी प्रयोगात प्लॉट साहेबाच्या मर्जीने निवडला तर आपण ओरडतो. तोच न्याय स्वतःला लावायचा.

पहिले, जागा आणि वेळ ठरवून घ्या. दर महिन्याला तोच नाला, तेच गायरान, तोच देवराईचा तुकडा, सकाळची तीच वेळ.

दुसरे, किती वेळ पाहिले ते लिहा. एका तासात दहा आणि पाच तासांत दहा, यात फरक आहे.

तिसरे, दिसले ते सगळे लिहा. कावळासुद्धा. आणि काही दिसले नाही तर ‘काही नाही’ असे लिहा. शून्य हाही आकडा आहे. पाखरे नाहीशी झाली हे पुढे त्या शून्यावरूनच कळते.

चौथे, अंदाज असेल तर अंदाज म्हणा. ओळख पटली नाही तर फोटो काढा, जाणत्याला दाखवा. म्हाताऱ्या गुराख्याला, वैदूला, रानभाज्या आणणाऱ्या मायबहिणींना विचारा. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात, कोणत्या उतारावर, हे बाईला ठाऊक असते. वहीवर तिचे नाव प्रथम पाहिजे.

पाचवे, वही गावाची. प्रत पाहिजे त्याला द्या, मूळ वही ग्रामसभेत ठेवा आणि वर्षातून एकदा मोठ्याने वाचा. नुसते राबून माहिती दुसऱ्याच्या हवाली करायची असेल तर ती वेठबिगारी होईल. आणि एक सावधगिरी: दुर्मीळ पाखराचे घरटे, औषधी कंदाची नेमकी जागा चव्हाट्यावर सांगू नका. चोरालाही वाचता येते.

शेवटी एवढेच

वहीने रान वाचतेच असा दावा आम्ही करणार नाही. उरणात नोंदी असूनही भराव पडलेला आम्ही पाहिला आहे. वही लढत नाही, माणसे लढतात. पण रिकाम्या हाताने भांडणारा माणूस कचेरीत हरतो, हे शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक?

१९३० साली पुसदला आणि चिरनेरला आपल्या लोकांनी विळा हातात घेऊन जंगलावरचा हक्क सांगितला. आज विळ्याच्या जोडीला वही लागते. परत गेल्यावर प्रत्येक गावात पाच माणसे गोळा करा, त्यांत दोन बाया आणि एक शाळेतले पोर असू द्या. चाळीस रुपयांची वही घ्या. पंचायतीत जाऊन गावची नोंदवही मागा, नसेल तर का नाही ते लेखी विचारा. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण आणू नका, वही आणा.

आम्ही आमची उरणहून घेऊन येतो.